घरातल्या ज्येष्ठांचं आपत्कालीन बटण कायम तयार कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजवाड्याजवळची जुनी घरं: आई-वडील इथे, मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. यंत्र हौसेनं घेतलं जातं, पहिले आठ दिवस गळ्यात असतं आणि मग देवघराशेजारच्या खिळ्यावर जातं. नेमकं लागतं तेव्हा ते चालावं, यासाठी काय करायचं ते इथे दिलं आहे.

१. बाजारात इतके प्रकार आहेत. आमच्याकडे नेमकं कोणतं आहे हे कसं ओळखायचं?

यंत्र बाहेरच्या माणसापर्यंत कशाच्या जोरावर पोचतं, ते बघा. सिमची खाच असेल तर ते मोबाइलच्या नेटवर्कवर थेट फोन लावतं. सिम नसेल आणि सोबत भिंतीवर लावायचा डबा असेल, तर बटण रेडिओ लहरींनी डब्याला कळवतं आणि डबा घंटा वाजवतो किंवा पुढे फोन करतो. वाय-फायवरचं बटण घरच्या इंटरनेटवर अवलंबून असतं. स्मार्ट घड्याळाला बहुधा जवळ फोन लागतो. दाराची बिनतारी घंटा कॉलबेल म्हणून वापरणारीही बरीच घरं आहेत. घरात कायम दुसरं कुणी असेल तर ती चांगली सोय आहे, पण घर रिकामं असताना तिचा काही उपयोग नाही. पुढची बरीच उत्तरं या प्रकारांवर अवलंबून आहेत, म्हणून आधी हे नक्की करा.

२. दर महिन्याला चाचणी करा म्हणतात. म्हणजे नुसतं बटण दाबून बघायचं का?

नाही. दिवा लागला याचा अर्थ फक्त सेल जिवंत आहे. चाचणी खरोखर माणूस येईपर्यंत झाली पाहिजे. लक्षात राहावी म्हणून तारीख ठरवा, उदाहरणार्थ दर महिन्याची संकष्टी.

ज्यांच्यासाठी यंत्र आहे त्यांनी स्वतः, ते जिथे एरवी असतं तिथूनच, बटण दाबायचं. बहुतेक बटणं तीन ते पाच सेकंद दाबून धरावी लागतात. संधिवातानं वाकडी झालेली बोटं तेवढा वेळ दाब ठेवू शकतात का, हे तेव्हाच कळतं. जमत नसेल तर सेटिंगमध्ये वेळ कमी करता येते का बघा, नाहीतर मोठ्या बटणाचं यंत्र घ्या. मग फोन कुणाला लागला, किती वेळानं लागला, दोन्हीकडून आवाज नीट आला का आणि एसएमएस पोचला का, ते बघा. यंत्रात साठवलेल्या नंबरांच्या यादीतल्या पहिल्यानं मुद्दाम फोन उचलू नये, म्हणजे यंत्र दुसऱ्या नंबरकडे जातं की तिथेच थांबतं ते समजेल.

डब्याच्या यंत्राला आणखी एक फेरी लागते. बाथरूमचं दार लावून, गच्चीवरून, फाटकापाशी, मागच्या कपडे धुण्याच्या जागेतून, असं प्रत्येक ठिकाणाहून दाबून बघा. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी भिंतींत तो निम्म्याहूनही कमी होतो. डबा लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजवर ठेवला असेल तर आधी तिथून हलवा आणि छातीच्या उंचीवर मोकळ्या भिंतीला लावा.

चाचणी घरच्या नंबरांवरच करा, ११२ वर नाही. तारीख आणि निकाल कॅलेंडरवर लिहून ठेवा.

३. चार्जिंगला कधी लावावं? रात्री लावलं तर बरं ना?

रात्री नकोच. अंधारात बाथरूमकडे जाताना पडण्याचा धोका मोठा, आणि नेमकं तेव्हाच यंत्र दुसऱ्या खोलीत वायरला लटकलेलं असतं. आंघोळीची वेळही नको. रोजची अशी वेळ निवडा जेव्हा आई किंवा आजी एका जागी बसलेल्या असतात, जसं दुपारचा चहा किंवा संध्याकाळची मालिका. चार्जर त्याच खुर्चीशेजारी ठेवा, म्हणजे चार्ज होतानाही यंत्र हाताच्या अंतरावर असतं.

रोज चार्ज करूनही ते संपत असेल तर आधी संपर्काचे पितळी ठिपके बघा. घाम, पावडर आणि खोबरेल तेलाचा थर बसला की यंत्र डॉकवर (चार्जिंगच्या बैठकीवर) ठेवलेलं दिसतं, पण चार्ज होत नाही. कानकाडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मगच ठेवा. वायरचाही घोळ असतो: दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर लावली की काही स्वस्त यंत्रं चार्जच घेत नाहीत. त्यांना एका टोकाला चपटं, मोठं यूएसबी असलेली वायर आणि ५ व्होल्टचा साधा चार्जर लागतो. यंत्र नेटवर्क कमी असलेल्या कोपऱ्यात राहत असेल तरीही बॅटरी लवकर उतरते, कारण ते सारखं टॉवर शोधत असतं.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा उन्हाच्या खिडकीत किंवा गाडीत चार्ज करू नका. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा (पुढे काय करायचं ते प्रश्न १९ मध्ये).

४. बटणातला गोल सेल किती दिवस टिकतो? अजून चालतंय, तरी बदलायचा?

हो, वर्षातून एकदा तारखेनं बदला. गोल लिथियम सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून मीटरवर "ठीक" दिसणारा सेल पुढच्या महिन्यात दगा देऊ शकतो. नवा सीआर २०३२ सुमारे ३.२ व्होल्ट दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला टाकून द्या.

सेल घेताना नंबर नीट वाचा. सीआर २०२५ ची रुंदी तेवढीच, २० मिलिमीटर, पण जाडी ३.२ ऐवजी २.५. तो बसतो, दिवाही लागतो, आणि बटण हातातून पडलं की संपर्क सुटतो. जुन्या रिमोटसारख्या बटणांत आणि दारघंटीत १२ व्होल्टचा २३ए हा लांबट सेल असतो. जेल रोडवर सगळे मिळतात, फक्त जुना सेल सोबत न्या आणि बंद पाकिटातलाच घ्या. बसवताना कडांनी धरा, कोरड्या कापडानं पुसा आणि बदलल्याची तारीख आतल्या बाजूला पेननं लिहा.

५. यंत्रातलं सिम आपोआप बंद पडलं. आम्ही तर ते कधी वापरलंच नव्हतं!

म्हणूनच बंद पडलं. प्रीपेड सिमवरून सलग ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा असं काहीच झालं नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढवता येते, पण ती शिल्लक कुणी बघत नाही. प्रश्न २ मधली मासिक चाचणी केली की वापराची अट आपोआप पूर्ण होते.

रिचार्जची मुदत ही वेगळी गोष्ट. ती संपली की बाहेर जाणारे कॉल लगेच थांबतात. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्यावे लागतात आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. ज्या यंत्राला डेटा लागत नाही त्याला वर्षाचा तसा पॅक मारून टाका. संपण्याच्या तारखेची आठवण मुलाच्या फोनमध्ये आठ दिवस आधीची लावा, कारण रिचार्ज संपल्याचा एसएमएस यंत्रात जाऊन पडतो आणि तिथे तो वाचणारं कुणी नसतं.

६. सिम नवं, रिचार्ज आहे, तरी कॉल लागत नाही.

यंत्र फक्त २जी असेल आणि सिम जिओचं असेल तर ते कधीच लागणार नाही, कारण जिओकडे २जी नाही. यंत्र ४जी असूनही त्यात व्होल्टी (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) नसेल तरी जिओवर कॉल जात नाही. बाकी कारणं साधी आहेत: सिमला पिन, म्हणजे उघडण्याचा गुप्त आकडा, लावलेला आहे (सिम साध्या फोनमध्ये घालून तो काढून टाका), किंवा सिम खाचेत उलटं गेलं आहे. घरात कोणत्या कंपनीचं नेटवर्क चांगलं येतं ते आईच्या पलंगापाशी आणि बाथरूममध्ये फोन धरून बघा. दिवाणखान्यातल्या काड्या मोजून उपयोग नाही.

७. आंघोळीला जाताना काढून ठेवावं का? पाणी जाईल अशी भीती वाटते.

काढू नये. ओली फरशी, साबण, वाकणं हे सगळं बाथरूममध्येच असतं. यंत्रावर आयपी ६७ लिहिलं असेल तर ते एक मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटं टिकावं अशी त्याची कसोटी असते. बादली-तांब्याची आंघोळ त्याला जड नाही. त्रास होतो तो गरम वाफेचा, साबणाच्या पाण्याचा आणि चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण अर्धवट लागलेलं असण्याचा. ते झाकण रोज अंगठ्यानं दाबून बसवा आणि आंघोळीनंतर यंत्र कोरडं करा.

यंत्र पाण्याला टिकणारं नसेल तर बाथरूमसाठी वेगळं बटण घ्या. ते फरशीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर लावा, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. दिव्याच्या बटणाच्या उंचीवर लावलेलं बटण पडल्यावर कामाचं नाही.

८. आई मंगळसूत्रात अडकतं म्हणून घालत नाही, आणि सोवळ्यात तर पट्टा काढूनच ठेवते.

तिची अडचण खरी आहे, ती ऐकून घ्या. दोन साखळ्यांचा गुंता होतो आणि पेंडंट मण्यांवर घासतं. ते मनगटावर घेता येतं किंवा छोट्या कापडी खिशात घालून ब्लाउजच्या आतून पिनेनं लावता येतं. पदराला मात्र लावू नका. पडताना पदर बाजूला जातो.

पट्टा चामड्याचा असेल तर पूजेला ती तो काढणारच. सिलिकोनचा पट्टा घ्या, तो पाण्यानं धुऊन सोवळ्यातही चालतो असं बहुतेक आज्या मान्य करतात. तरीही काढायचंच असेल तर देवघरात जमिनीलगत एक जादा बटण ठेवा, पाटाच्या उजवीकडे हात टेकेल तिथे. गळ्यातली दोरी झटका बसल्यावर सुटणारी असावी. पक्क्या गाठीची दोरी दाराच्या कडीत किंवा पलंगाच्या कठड्यात अडकून गळा आवळू शकते.

थंडीत शाल, स्वेटर आणि वरून मफलर घेतला की बटण तीन थरांखाली जातं. डिसेंबर-जानेवारीत ते मनगटावर किंवा स्वेटरच्या बाहेर ठेवा.

९. यादीत पहिला नंबर कुणाचा? मी मुलगा आहे, पण पुण्यात असतो.

पहिला नंबर दहा मिनिटांत दारात उभा राहू शकेल त्याचा: शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचं कुटुंब, जवळ राहणारा पुतण्या. दुसरा नंबरही गावातलाच, तिसरा तुमचा. हे मनाला लागतं, पण तुमचा फोन आधी वाजला तरी तुम्हाला पुढे त्याच काकूंना फोन करावा लागणार असतो. परदेशातला नंबर कॉलच्या यादीत ठेवूच नका. यंत्राच्या सिमवर परदेशी कॉलची सोय बहुधा नसते आणि तिथेच वेळ जातो.

शेजाऱ्यांना आधी विचारा, नुसता नंबर टाकून मोकळं होऊ नका. त्यांना तीन गोष्टी सांगा: किल्ली कुठे आहे, आत गेल्यावर आधी काय बघायचं आणि कुणाला कळवायचं. नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये "आई बटण" अशा नावानं जतन करून द्या.

१०. पुण्याहून मीच ११२ लावला तर इंदूरला गाडी जाईल ना?

थेट नाही. ११२ चा कॉल तुम्ही ज्या राज्यात असता त्या राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो. पुण्यातून लावलात तर तो महाराष्ट्राकडे जाईल. १०८ चंही तसंच. म्हणून इंदूरमधल्या माणसाला फोन करून त्याच्याकडून ११२ किंवा १०८ लावून घ्या. घराजवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा आणि पोलीस ठाण्याचा थेट नंबर इंदूरच्या एसटीडी कोडसह, ०७३१ लावून, फोनमध्ये ठेवा.

१४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. सल्ला, तक्रार, आधार यासाठी ती उपयोगाची, पडल्याच्या क्षणासाठी नाही.

११. आईनं बटण दाबलं, कॉलही आला, पण माझा फोन सायलेंटवर होता.

आयफोनमध्ये त्या संपर्काच्या रिंगटोनमध्ये "इमर्जन्सी बायपास" चालू करा, मग फोन मूक असला तरी तो नंबर वाजतो. अँड्रॉइडमध्ये नंबरला तारा देऊन "डू नॉट डिस्टर्ब"मध्ये तारांकितांना सूट द्या. मात्र रिंगचा आवाजच बंद असेल तर ही सूट बहुधा चालत नाही. रात्री आवाज पूर्ण बंद करायची सवय सोडा, त्याऐवजी "डू नॉट डिस्टर्ब" लावा. अनोळखी नंबर अडवणारी ॲप्सही तपासा. नंबर जतन केलेला नसेल तर ती यंत्राचा कॉल परस्पर कापतात.

१२. शेजारी धावत आले, पण दाराला आतून कडी होती. यावर उपाय काय?

हा प्रश्न यंत्र विकत घेण्याआधी सोडवायला हवा. एकट्या माणसानं आतून कडी किंवा आडणा लावूच नये. बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच-कुलूप लावा आणि एक किल्ली शेजारी द्या. आतल्या बाजूनं किल्ली कुलपातच राहिली तर काही कुलपं बाहेरून उघडत नाहीत, म्हणून आतली किल्ली खुंटीवर. जाळीच्या बाहेरच्या दाराचीही किल्ली द्यायला विसरू नका.

बाथरूमला बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येणारी कडी लावा. दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानंच ते अडतं. ते बाहेर उघडेल असं सुतारानं एका दिवसात करून मिळतं.

१३. एसएमएसमधलं लोकेशन दोन गल्ल्या पलीकडचं दाखवतं.

घराच्या आत जीपीएसला आकाश दिसत नाही, तेव्हा यंत्र टॉवरवरून अंदाज बांधतं आणि तो शेकडो मीटर चुकू शकतो. घरातल्या घटनेसाठी लोकेशनवर विसंबूच नका. पूर्ण पत्ता, मजला आणि जवळची खूण कार्डावर लिहून फोनपाशी आणि दाराच्या आतल्या बाजूला लावा. कार्ड हिंदीत असू द्या, कारण ते वाचणारी कामवाली बाई, रुग्णवाहिकेचा चालक आणि शेजारी यांची रोजची भाषा हिंदी आहे. त्याच कार्डावर वय, मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी आणि विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं लिहा. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरांना ते सर्वात आधी कळायला हवं.

१४. वीज गेली तर यंत्र चालेल का?

सिमचं पेंडंट चालतं. वाय-फायचं बटण मात्र राउटर बंद झाला की मुकं होतं, आणि फायबरवरची लँडलाइनही. छोटा राउटर-यूपीएस घ्या, पण फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज आणि अँपिअर जुळवून बघा. भिंतीवरच्या डब्यात स्वतःची बॅटरी असेल तर वर्षातून दोनदा प्लग काढून तासाभरानं बटण दाबा. ही बॅटरी सतत चार्जवर राहून दोन-तीन वर्षांत अशक्त होते, आणि प्लग लावलेला असेपर्यंत ते कुणाला कळत नाही.

१५. पडल्यावर आपोआप कॉल करणारं घड्याळ घेतलं. आता बटणाची गरज नाही ना?

आहे. घड्याळ जोराचा धक्का आणि नंतरची निश्चलता ओळखतं. भिंतीला टेकत हळूहळू खाली बसणं, खुर्चीवरून घसरणं, पलंगावरून चादरीसकट खाली येणं, हे ते बऱ्याचदा ओळखत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचं पडणं कित्येकदा असंच असतं. ॲपल वॉचमध्ये वय ५५ किंवा जास्त नोंदलं असेल तर ही सोय आपोआप चालू होते. जोरात पडल्यावर सुमारे एक मिनिट हालचाल दिसली नाही की ते कॉल लावायला घेतं. त्यासाठी मनगट ओळखण्याची सेटिंग चालू हवी आणि सेल्युलर घड्याळ नसेल तर फोन जवळ हवा. फोन दिवाणखान्यात आणि आजोबा गच्चीवर, असं असेल तर भरवसा नाही.

१६. वडिलांना पेसमेकर आहे. गळ्यात पेंडंट चालेल?

त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना यंत्र दाखवून विचारा. तोवर ते मनगटावर, आणि पेसमेकर ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध हातावर घाला. चुंबकानं चिकटणारा चार्जर किंवा चुंबकी बक्कल पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा. चार्ज होत असलेलं यंत्र सदऱ्याच्या खिशात ठेवू नका.

१७. आजीला कमी ऐकू येतं. पलीकडचा माणूस काय बोलतो ते तिला कळतच नाही.

मग तिच्या बोलण्यावर काही अवलंबून ठेवू नका. घरच्यांनी एक नियम करा: बटणावरून कॉल आला आणि उत्तर आलं नाही, तर गप्पपणा म्हणजेच "या". अर्धांगवायूच्या झटक्यात ऐकू आलं तरी बोलता येत नाही, तिथेही हाच नियम. कॉल गेला हे तिला कंपनानं किंवा दिव्यानं कळेल असं यंत्र निवडा, नाहीतर ती पुन्हा पुन्हा दाबत राहते आणि काही यंत्रांत त्यानं चालू कॉल तुटतो.

१८. चुकून दाबलं जातं. अप्पांना विसरण्याचा आजार आहे, ते दिवसातून चारदा दाबतात.

चुकून दाबल्याबद्दल कधीही रागावू नका. एकदा ओरडा बसला की खरी वेळ आली तरी माणूस कचरतो. सतत दाबलं जात असेल तर दाबून धरण्याची वेळ एका सेकंदानं वाढवा किंवा खोलगट बटणाचं यंत्र घ्या. विस्मृती असेल तर ठरलेल्या हद्दीबाहेर गेल्यावर कळवणारं जीपीएसचं यंत्र बटणापेक्षा जास्त कामाचं. अशा यंत्राचा मूळ पासवर्ड (बऱ्याच स्वस्त यंत्रांत १२३४५६) आधी बदला, नाहीतर नंबर माहीत असलेला कुणीही त्यांचा ठावठिकाणा मागवू शकतो.

हीच गोष्ट मोबाइलची. साध्या फोनवर ५ किंवा ९ आकडा दाबून धरला की ११२ लागावा असा जानेवारी २०१७ पासूनचा नियम आहे, म्हणून स्पीड डायलला हे दोन आकडे देऊ नका. स्मार्टफोनमध्ये बाजूचं बटण पटापट तीनदा किंवा पाचदा दाबावं लागतं. तुमच्या फोनमध्ये किती ते सेटिंगमध्ये बघा. चुकून ११२ लागलाच तर कापू नका. "चुकून लागला, सगळं ठीक आहे" असं सांगून मग ठेवा.

१९. फुगलेली बॅटरी आणि जुने सेल कुठे टाकायचे? घरात दीड वर्षाची नात आहे.

आधी नातीचं बघा. गोल सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजू शकतो, वापरलेला सेलही. तसा संशय जरी आला तरी उलटी करवू नका, "शौचातून पडेल" म्हणून थांबू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढा. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारंच यंत्र घ्या आणि जादा सेल पाकिटातून काढून डब्यात सुटे ठेवू नका.

टाकताना सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे ते एकमेकांना टेकून तापणार नाहीत. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नका. ती पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, पडद्यांपासून लांब ठेवा. इंदूरच्या कचरा गाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. सकाळी गाडी आली की गाडीवरच्या माणसाच्या हातात, बॅटरी आहे असं सांगून द्या.

२०. आई दोन महिने बहिणीकडे पुण्याला जाते आहे. यंत्राचं काय करायचं?

सिमचं यंत्र सोबत न्या. मात्र यादीतला पहिला नंबर बहिणीच्या शेजाऱ्यांचा करा आणि कार्डावरचा पत्ता बदला. तिथे पोचल्या दिवशीच चाचणी घ्या. डब्याचं यंत्र इथेच राहणार असेल तर प्लग काढा, बटणातला सेल काढून ठेवा आणि चार्जिंगची यंत्रं अर्धी चार्ज करून बंद करा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी पडून राहिली की खराब होते. इंदूरला परतल्यावर सामान उघडण्याआधी नंबर आणि पत्ता पूर्ववत करून प्रश्न २ मधली पूर्ण फेरी मारा. जुन्या यादीवर राहिलेलं यंत्र रामबागेत पडलेल्या आईसाठी कोथरूडच्या शेजाऱ्यांना बोलावत बसतं.